लाइन कार्ड दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी

आमच्या अंधेरीच्या कार्यशाळेत ‘कार्ड गेले’ अशी चिठ्ठी लावून आलेली काही लाइन कार्डे (राउटरचा डेटा फायबरवरून दूरवर पाठवणारी कार्डे) टेस्ट बेंचवर लावताच व्यवस्थित चालू लागतात. असे का होते हे कळण्यासाठी कार्डाच्या आत काय घडते, ते आधी पाहू.

राउटरकडून 100 गिगाबिट इथरनेटचा प्रवाह प्रत्यक्षात 103.125 गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने कार्डात येतो. फ्रेमर चिप तो ऑप्टिकल नेटवर्कच्या जी.709 या मानकानुसार 4 ओळींच्या आणि दर ओळीला 4080 बाइट असलेल्या फ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या चौकटीत, भरते. प्रत्येक ओळीतील शेवटचे 256 बाइट केवळ चुका दुरुस्त करण्यासाठी, म्हणजे एफईसीसाठी, राखलेले असतात; मुख्यतः त्यामुळे वेग सुमारे 111.8 गिगाबिटवर जातो. मूळ मानकातील रीड-सॉलोमन पद्धतीत 255 बाइटांच्या गटात 16 बाइट तपासणीचे असतात आणि त्यांच्या आधारे 8 बाइटांपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. लांब पल्ल्याच्या कार्डांत याहून बळकट एफईसी वापरतात.

100 गिगाबिटच्या कोहिरंट कार्डात, म्हणजे प्रकाशाच्या फेजचाही वापर करणाऱ्या कार्डात, प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांवर प्रत्येकी 2, असे एका सिम्बॉलमध्ये (एका वेळी पाठवलेल्या संकेतात) 4 बिट पाठवले जातात. मुंबईहून पुण्यापर्यंतच्या फायबरमध्येच एक सिम्बॉल शेजारच्या अनेक सिम्बॉलांवर पसरतो. तो पसारा समोरच्या कार्डातील डीएसपी (सिग्नलवर आकडेमोड करणारी) चिप गणिताने आवरते. आमच्या मते कार्डातले खरे कसब इथेच आहे.

एफईसीची एक खोड मात्र लक्षात ठेवावी. सिग्नल खालावत असताना एफईसी चुका मुकाट्याने निस्तरत राहते, त्यामुळे पिंग (लिंक चालू आहे का हे पाहणारी चाचणी) स्वच्छ दिसतो आणि मर्यादा ओलांडली की लिंक अचानक पडते. अशा वेळी दोष कार्डावर येतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे आलेले कार्ड निर्दोष निघाले. जागेवर जाऊन मायक्रोस्कोपने पाहिले, तेव्हा पॅचकॉर्डच्या (जोडणीच्या छोट्या फायबर केबलच्या) टोकावर तेलकट बोटाचा ठसा होता. सिंगलमोड फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असल्याने तेवढा ठसाही पुरतो.

म्हणून कार्ड काढण्याआधी एफईसीपूर्व त्रुटिदर (दुरुस्तीआधीच्या चुकांचे प्रमाण), रिसीव्ह पॉवर आणि अलार्मची वेळ टिपून घ्यावी, कारण कार्ड उपसल्यावर बहुतेक उपकरणांत ही मोजणी पुसली जाते. त्यानंतर दोन्ही टोकांचे कनेक्टर साफ करून पाहावेत, परंतु लेझर बंद केल्याशिवाय टोकाकडे पाहू नये; 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तरीही लिंक उठली नाही, तर अँटिस्टॅटिक पिशवीत कार्ड आणि सोबत हे टिपण पाठवावे.