कर्मचारी मनःस्वास्थ्य (पुणे)

नोकरीतला ताण, एकटेपणा आणि कामाच्या वेळा-जागेचा काच यांनी खचणाऱ्या माणसाला कामाच्या ठिकाणीच आधार मिळावा म्हणून केलेली व्यवस्था.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आणि ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी बंधनकारक केला. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी एकाच वेळी मिळत असल्याने कामगारांना एकमेकांची सोबत असे. हे सोबतीचे मोल आयटीच्या काळात फारसे कुणी लक्षात घेतले नाही.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या आयटी कंपन्यांच्या भागांत लातूर-यवतमाळकडून आलेली मुले रूम शेअर करून राहतात. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल सुरू होतो. मेसचा डबा टेबलावर तसाच असतो. कॉल संपेतो भाजी गार झालेली आणि रूममेट झोपलेला. २०२० मध्ये घरून काम सुरू झाले तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे तास वाचले, पण काही जणांचे कामाव्यतिरिक्त दिवसभरात कुणाशी बोलणेच होईनासे झाले. त्यामुळे नुसती ‘वर्क फ्रॉम होम’ची मुभा पुरत नाही. टीमने आठवड्यातले ठरावीक दिवस एकत्र ऑफिसात यावे, रात्रीच्या कॉलनंतरची सकाळ मोकळी ठेवावी, नवख्याला पहिले काही महिने एक जुना सहकारी जोडून द्यावा, हे साधे उपाय अधिक उपयोगी पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे, म्हणजे कामाने पार थकून त्यातून मन उडण्याचे, वर्णन आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केले. कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने ती उद्भवते. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा संघटनेचा अंदाज आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने कामाची रचना बदलण्यावर आणि मॅनेजरांच्या प्रशिक्षणावर भर दिला. तो योग्यच आहे: डेडलाइन तीच ठेवून वर्षातून एकदा योगाचे सत्र घेतल्याने कुणाची झोप परत येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने स्थान दिले. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कार्यालयीन वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

कंपनीने समुपदेशक नेमला तरी अनेक जण त्याच्याकडे फिरकत नाहीत. ‘एचआरला कळलं तर अप्रेझलमध्ये दिसेल’ ही भीती खरी असते, म्हणून गुप्ततेची हमी लेखी दिलेली बरी. कंपनीशी संबंध नसलेली सरकारी ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.