स्टँड मागवण्याआधी रोबोच्या कमरेखाली एकदा पाहून घ्या
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक : स्टँड, बेस आणि हँगर

जपानी खेळण्यांतल्या रोबोंना हवेत उचलून धरणारे स्टँड आम्ही विकतो, आणि ‘तुम्ही दिलेला स्टँड बसत नाही’ असा निरोप आमच्या दुकानाच्या फोनवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. ग्राहकाचे म्हणणे खरे असते, स्टँडातही खोट नसते, आणि तरी दोघांचे जमत नाही. कारण त्यांना जोडणारा नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा महिनाभर आधीच घंटागाडीत गेलेला असतो. हे माहितीपत्रक मुख्यतः त्या तुकड्यासाठी लिहिले आहे.

सुट्या भागांतून रोबो जोडायचे किट बांधणाऱ्यांना रनर म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही; इतरांसाठी, हे भाग ज्याला चिकटून येतात ती प्लास्टिकची चौकट म्हणजे रनर. बांधणी पूर्ण होते, रोबो टेबलावर उभा राहतो, घरातल्यांना बोलावून दाखवला जातो, आणि रनरवर उरलेले तीन-चार भाग कचरा समजून पिशवीत भरले जातात. त्यांतले काही खरोखरच जादा असतात, कारण एकाच साच्यातून दोन-तीन प्रकारचे रोबो निघत असल्यामुळे दुसऱ्याचे भागही आपल्या रनरवर येतात. त्यांच्याच शेजारी, बहुतेक वेळा करड्या रंगाचा, एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला भोक किंवा खाच असलेला एक तुकडा असतो. तोच स्टँडाचा जॉइंट. तो बांधणीच्या कुठल्याच टप्प्यात लागत नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये बहुधा शेवटच्या पानांवर, रोबो हवेत झेपावलेल्या चित्राजवळ दाखवलेला असतो. मॅन्युअल जपानीत असल्यामुळे ती पाने कोणी वाचत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण चित्र पाहायला भाषा लागत नाही.

म्हणून आमची पहिली विनंती अशी, की किट बांधून झाल्यावर उरलेले भाग कापून एका लहान झिपच्या पिशवीत घालावेत, पिशवीवर किटचे नाव लिहावे आणि ती खोक्यातच ठेवावी. रोबोट दामाशीसारखी तयार खेळणी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. त्यांचे जॉइंट पारदर्शक ट्रेच्या खालच्या थरात, जादा हातांच्या ओळीच्या टोकाला दडलेले असतात आणि ट्रेसकट फेकले जातात.

आता रोबो स्टँडावर नेमका कुठे धरला जातो, ते पाहू. काही रोबोंच्या पाठीत किंवा दोन मांड्यांच्या मधोमध सरळ ३ मिलिमीटरचे भोक असते आणि त्यात स्टँडाची खुंटी थेट बसते. काहींना भोकाऐवजी खाच असते आणि तिच्यात फक्त त्या किटचाच जॉइंट बसतो. काहींना यांपैकी काहीच नसते, तेव्हा कमरेला दोन बाजूंनी धरणारा चिमट्याचा स्टँड घ्यावा लागतो. अ‍ॅक्शन बेस या बांदाई कंपनीच्या स्टँडाच्या खोक्यात निरनिराळ्या तोंडांचे जॉइंट येतात आणि त्यांनी बरीच गरज भागते. पण प्रत्येक किटच्या खाचेला उत्तर त्या खोक्यात असेलच, असे गृहीत धरू नये. आपला रोबो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे त्याला उलटा धरून पाहिले, की अर्ध्या मिनिटात कळते. भोक ३ मिलिमीटरचे आहे की नाही हे तपासण्यासाठी महागडे साधन नको. आपल्याकडे नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला असलेले कोणी ना कोणी घरात किंवा शेजारी असतेच. त्यांच्याकडून ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट मागून घ्यावा आणि त्याचा दांड्याकडचा गुळगुळीत भाग हलक्या हाताने भोकात घालून पाहावा. तो अलगद गेला आणि फारसा डुगडुगला नाही, तर ३ मिलिमीटरची खुंटी चालेल. पाते असलेले टोक कृपया घालू नये. हे लिहावे लागते आहे, यावरून काय झाले असेल ते समजावे.

दाबून बसवण्याचा मोहही टाळावा. मागच्या उन्हाळ्यात नाशिकरोडहून एक गृहस्थ आले होते. स्टँडाची खुंटी आत जाईना, म्हणून त्यांनी रोबो मांडीवर आडवा घेऊन अंगठ्याने जोर दिला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. खुंटी भोकाच्या तोंडाशी सपाट तुटली. ती काढायची म्हणून त्यांनी तुटक्या टोकाला फेव्हिक्विक लावून वर काडी चिकटवली, तो गोंद कडेने आत उतरला आणि कमरेचा सांधाच जाम झाला. आम्ही हातड्रिलने तुकड्याच्या मधोमध १ मिलिमीटरचे भोक पाडले, त्यात बारीक स्क्रू फिरवला आणि स्क्रूसकट तो तुकडा ओढून काढला. त्याला पाऊण तास लागला. सांधा मात्र सुटला नाही, आणि तो रोबो आता कायमचा किंचित डावीकडे पाहतो. खुंटी घट्ट वाटली तर ती ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवावी आणि मग पुन्हा बसवून पाहावी. सैल वाटली तर खुंटीवर गोंदाचा पातळ हात द्यावा, तो रात्रभर पूर्ण सुकू द्यावा आणि मगच ती आत घालावी. ओला गोंद भोकाच्या जवळसुद्धा नेऊ नये.

उघडलेला स्टँड आम्ही परत का घेत नाही, असे अनेकजण थोड्या नाराजीने विचारतात. अ‍ॅक्शन बेस हेही एक किटच आहे. त्याचे भाग रनरवर येतात, ते निपरने, म्हणजे लहान कटरने, कापून जोडावे लागतात, आणि एकदा कापलेले किट नवे म्हणून दुसऱ्याला विकणे आम्हाला पटत नाही. त्याऐवजी आम्ही दुसरी सोय केली आहे. काउंटरखाली आइस्क्रीमचा एक जुना डबा आहे आणि त्यात ग्राहकांनी आणून दिलेले आणि आम्ही स्वतः बांधलेल्या किटमधून उरलेले जॉइंट साठवलेले आहेत. आपला रोबो घेऊन यावे, डबा पालथा करून शोधावे आणि जुळणारा जॉइंट विनामूल्य न्यावा. बदल्यात आपल्याकडचे उरलेले जॉइंट त्यात टाकले तर आनंदच होईल.

आकाराबद्दल थोडक्यात. अ‍ॅक्शन बेस ४ हा १/१०० साठी, म्हणजे मूळ उंचीच्या शंभराव्या भागाएवढ्या रोबोसाठी, आणि अ‍ॅक्शन बेस ५ हा १/१४४ साठी आहे. आकडा मोठा म्हणजे स्टँड मोठा, असा समज करून घेऊ नये. जपानी कार्टून मालिकेतला १८ मीटर उंचीचा मूळ गंडम रोबो १/१४४ मध्ये साडेबारा सेंटिमीटर, १/१०० मध्ये १८ सेंटिमीटर आणि १/६० च्या पीजी (परफेक्ट ग्रेड) किटमध्ये ३० सेंटिमीटर भरतो. परंतु प्रमाण सारखे म्हणजे वजन आणि तोल सारखा, असे नाही. न्यू गंडम हा त्याच कुळातला दुसरा रोबो मुळातच २२ मीटरचा आहे, शिवाय त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला सहा फिन फनेल, म्हणजे पात्यांसारखी शस्त्रे, लटकतात; तो झेपावलेल्या पवित्र्यात लावला तर सारा भार एका कडेला जातो आणि हलका स्टँड त्याच बाजूला कलंडतो. अशा वेळी रोबोचा सर्वांत जड भाग बेसच्या पट्टीच्या बरोबर वर येईल असा कोन ठेवावा, किंवा एक माप मोठा स्टँड घ्यावा. दुसऱ्या उपायात आमचा फायदा आहे, हे लपवत नाही, पण पहिला उपाय फुकट आहे आणि तो आधी करून पाहावा.

धातूच्या खेळण्यांचा हिशेब वेगळाच आहे. पॉपी कंपनीने १९७४ मध्ये कार्टूनमधल्या माझिंगर झेड या रोबोचे जस्ताच्या मिश्रधातूतले चोगोकिन खेळणे आणले आणि १९९७ मध्ये बांदाईने सोल ऑफ चोगोकिन ही मालिका त्याच माझिंगरपासून सुरू केली. हा मिश्रधातू त्याच आकाराच्या पॉलिस्टायरिनपेक्षा, म्हणजे किटच्या प्लास्टिकपेक्षा, सहा पटींहून जड असतो, त्यामुळे प्लास्टिकच्या किटसाठी केलेल्या स्टँडावर असे खेळणे हवेत टांगू नये. त्याच्या खोक्यात स्वतःचा स्टँड आला असेल तर तोच वापरावा.

आता ‘बेस’ या शब्दाने होणारा घोटाळा. कोणी फोनवर ‘बेस पाठवा’ म्हणतो, आम्ही स्टँड पाठवतो, आणि त्याला हवा असतो हँगर किंवा तळ, म्हणजे रोबो ज्यात उभा राहतो, ज्याच्या शिडीवर माणसे चढतात तो प्लेसेट. चूक दोघांचीही नाही, कारण जपानी खेळण्यांत दोन्ही गोष्टी बेसच आहेत. ताकारा कंपनीची डायाक्लोन ही खेळण्यांची मालिका १९८० मध्ये आली तेव्हा तिच्यात पायात लोहचुंबक असलेले बोटाच्या पेराएवढे चालक होते आणि ते ज्यात हिंडावेत असे तळही होते. त्या मालिकेतले पुष्कळ रोबो १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून अमेरिकेत गेले, आणि १९८७ चा फोर्ट्रेस मॅक्सिमस तर स्वतःच रोबोही आहे आणि तळही.

प्लेसेट घेताना फसगत होते ती प्रमाणाची, आणि हे मराठी घरात समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे. दिवाळीत आपण किल्ला करतो. बुरूज, तटबंदी, अळीव पेरून केलेली हिरवळ, सगळे मनासारखे जमते. मग बाजारातून मावळे आणले की एकेक मावळा महादरवाजाहून उंच निघतो आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारचा वाघ हत्तीएवढा दिसतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. पण हजारो रुपये घालून हँगर घेणाऱ्याला वाटते. १/१४४ मध्ये पावणेसहा फुटांचा माणूस जेमतेम १२ मिलिमीटरचा होतो, १/१०० मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा. म्हणून हँगरच्या छताची उंची पाहून तो घेऊ नये. त्याच्या जिन्याची पायरी आणि कठडा पाहावा. कठडा त्या माणसाच्या कमरेला लागला, तर हँगर आपल्या रोबोचा. रोबो आत मावतो एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण मावायला तो बुटाच्या खोक्यातही मावतो.

आम्ही स्वतः १/१४४ आणि १/१०० चे हँगर एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबीव बोर्ड) आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये करून देतो. कापकाम अंबडला होते आणि जुळणी दुकानात. एमडीएफला पावसाळ्याची हवा सोसत नाही, म्हणून आम्ही दोन्ही बाजू आणि कापलेल्या कडासुद्धा सीलर मारून देतो. त्यावर आपण पुन्हा भोक पाडले तर ती कड लगेच रंगवून घ्यावी, नाहीतर आषाढ-श्रावणात ती पावासारखी फुगते. पाय सरकू नयेत म्हणून हँगरच्या तळाला मऊ व्हिनाइलची चटई घालणारे ग्राहक भेटतात, त्यांना कळकळीची सूचना आहे. शाळेत कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून पट्टीत खड्डा पडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. मऊ व्हिनाइलमधले मऊपणा आणणारे द्रव्य बाहेर येऊन पॉलिस्टायरिनला विरघळवते, आणि तेच चटईवर उभ्या केलेल्या रोबोच्या तळव्यांचे होते, फक्त ते कळायला काही महिने जातात. पाय सरकत असतील तर सुती कापडाचा तुकडा किंवा साधा पुठ्ठा घालावा.

किमतीबद्दल एवढेच, की खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. जपानातल्या संकेतस्थळावरचा येनचा आकडा रुपयांत बदलून आमच्याशी ताडून पाहणाऱ्यांनी तेही त्यात मिळवावे, टपालखर्चही मिळवावा, आणि मग जरूर घासाघीस करावी.

मागणी नोंदवताना किटचे पूर्ण नाव आणि प्रमाण, रोबोला उलटे धरून काढलेले एक छायाचित्र, आणि उरलेल्या भागांची पिशवी असल्यास ती टेबलावर रिकामी करून काढलेले दुसरे छायाचित्र पाठवावे. छायाचित्र खिडकीजवळ, उजेडात काढावे. काळ्या रोबोच्या काळ्या भोकाचे रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले छायाचित्र आम्हाला काहीच सांगत नाही. ही दोन्ही छायाचित्रे आली की कोणता स्टँड लागेल हे आम्ही त्याच दिवशी कळवतो, आणि कित्येकदा उत्तर असे असते की नवा स्टँड घ्यायला नको, डब्यातला जॉइंट पुरेल.