निर्णयशास्त्राच्या अमेरिकेतील परिषदेत संशोधन मांडायचं आहे? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

माणसं निर्णय कसे घेतात, अंदाज कुठे चुकतात, याचा अभ्यास करणाऱ्यांची 'सोसायटी फॉर जजमेंट अँड डिसिजन मेकिंग' ही संस्था दरवर्षी उत्तर अमेरिकेत परिषद भरवते, बहुतेक वेळा नोव्हेंबरमध्ये. आपल्याकडच्या मानसशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापनाच्या संशोधकांनाही तिथे अर्ज करता येतो. मात्र अर्ज करायचा जूनच्या आसपास. नेमकी तारीख त्या वर्षीच्या निवेदनात पाहा.

प्रत्येक सादरीकरणाच्या लेखकांपैकी किमान एक जण संस्थेचा सदस्य असावा लागतो. अर्ज करताना सदस्य झालात तरी चालतं आणि विद्यार्थ्यांना वर्गणी कमी आहे. एका व्यक्तीला एकच भाषण आणि एकच पोस्टर (संशोधन थोडक्यात मांडणारा मोठा फलक) सादर करता येतं. सहलेखक म्हणून नाव अनेक ठिकाणी असू शकतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने पोस्टर कमी दर्जाचं समजू नये. पोस्टरपाशी लोक थांबतात, प्रश्न विचारतात, आणि नवख्या संशोधकाला तेच हवं असतं.

खरी मेहनत अर्जातल्या संशोधनाच्या सारांशावर घ्या. समजा, तुमचा अभ्यास लासलगाव परिसरातल्या शेतकऱ्यांवर आहे: उन्हाळ कांदा लगेच विकायचा की चाळीत ठेवून भावाची वाट पाहायची? परीक्षकाला चाळ ठाऊक नसणार. ती एका वाक्यात समजावा आणि लगेच प्रश्नावर या: किती जणांना काय विचारलं, काय आढळलं. 'निष्कर्ष सादर केले जातील' असं लिहिलेला सारांश माझ्या मते पाठवूच नये.

खर्चासाठी जेन बीटी यांच्या स्मरणार्थ प्रवास पुरस्कार आहे. तो परदेशी अभ्यासकांना उत्तर अमेरिकेत येण्यासाठीच दिला जातो. नव्या संशोधकांसाठी हिलेल आइनहॉर्न यांच्या नावाचा पुरस्कारही आहे. दोन्हींचे अर्ज वेगळे.

परिषद अमेरिकेत असेल तर बी-१ (कामानिमित्त थोड्या दिवसांच्या भेटीचा) व्हिसा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून पासपोर्ट आधी काढून ठेवा आणि निवडीचं पत्र हाती पडताच डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा. शुल्क १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. मुंबईत दोन खेपा होतात: एकदा बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, एकदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीसाठी.

सोबत पासपोर्ट, डीएस-१६० ची पोचपावती, मुलाखतीचं पत्र, २ बाय २ इंची फोटो, निवडीचं पत्र, विद्यापीठाचं बोनाफाईड (नोकरी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र) आणि खर्च कोण करणार याचा पुरावा ठेवा.

नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर बहुधा वडिलांचं किंवा पतीचं नावही असतं, शोधनिबंधावर मात्र नसतं. निवडीचं पत्र पासपोर्टवरच्या पूर्ण नावानेच मागून घ्या.