तोरेसने कागदाच्या लगद्याची गिटार का बनवली?

१८६२ मध्ये स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या गिटार कारागिराने एक गिटार बनवली, जिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. गंमत म्हणून नाही, त्याला दाखवायचं होतं की गिटारचा आवाज मुख्यतः समोरच्या फळीतून, म्हणजे टॉपमधून येतो. म्हणून टॉप त्याने नेहमीसारखाच स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, नीट घडवलेला ठेवला आणि बाकीच्या बॉडीतलं लाकूडच काढून टाकलं. मला तर हा अस्सल विज्ञानाचा प्रयोग वाटतो आणि तो करणारा माणूस मुळात सुतारकाम शिकलेला होता! ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममध्ये आहे.

आता टॉपच का, तर तार इतकी बारीक असते की ती एकटी हवा फारशी हलवूच शकत नाही, तिची थरथर ब्रिजमधून, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीतून, टॉपमध्ये उतरते आणि मग तो अख्खा पृष्ठभाग वरखाली होऊन हवा ढकलतो. त्यात आतली हवासुद्धा साउंडहोलमधून, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकातून, आतबाहेर होते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमते ना तशी, आणि ही घुमण्याची फ्रिक्वेन्सी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते, खालच्या सुरांचा भरीवपणा बराचसा तिथूनच येतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. टॉप हलका असेल तर छान वाजतो, पण नायलॉनच्या सहा तारा मिळून त्याला ४० किलोच्या आसपास ओढत असतात, स्टीलच्या तर त्याहून खूप जास्त. फळीची जाडी निम्मी केली की वाकायला होणारा विरोध आठव्या हिश्श्यावर येतो. तोरेसने टॉप पातळ ठेवला, त्याला किंचित घुमटाचा आकार दिला आणि आतून सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरून चिकटवल्या. अशा पट्ट्या त्याच्या आधीही लावायचे, पण मोठी बॉडी, ६५० मिलिमीटरच्या आसपास तारेची लांबी आणि या पट्ट्या, हे सगळं एकत्र जुळवलं त्याने, आणि आजच्या बहुतेक क्लासिकल गिटारी अजून त्याच वाटेवर आहेत.

मग मापं घेऊन त्याच्या गिटारीची कॉपी का होत नाही? कारण स्प्रूसचा प्रत्येक तुकडा वेगळा, कुणी जड कुणी ताठ, आणि जाडी फक्त १० टक्के कमी झाली तरी ताठपणा तब्बल २७ टक्के घटतो. म्हणून कारागीर फळी वाकवून बघतो, बोटाने ठोकून ऐकतो, मग परत रंधा. माझं गुपित अंगठ्यात आणि तर्जनीत आहे असं तोरेस म्हणायचा अशी आठवण सांगतात, आणि ताठपणाचं हे गणित बघितलं की मला ते अगदी पटतं.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या टीमचा एक पेपर आला, त्यात स्टीलच्या तारांच्या ६ गिटारी घेतल्या होत्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं, आणि ५२ गिटारवादकांना कुठलं लाकूड आहे ते दिसू न देता त्या वाजवायला दिल्या. महागड्या ब्राझिलियन रोजवूडला साध्या लाकडांपेक्षा खास वरचढ असे मार्क मिळालेच नाहीत! या झाडाच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे, इतकं ते तोडलं गेलंय, त्यामुळे पाठीला अक्रोड किंवा मेपल लावणाऱ्या कारागिरांकडे कमी दर्जाचं काम म्हणून बघणं आता तरी थांबवायला हवं.