टॉवेलने झाकलेली पाटी

साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने मागच्या महिन्यात आपली गिअरची सायकल विकायला काढली. अंगणात फोटो काढताना भिंतीवरची नावाची पाटी दिसू नये म्हणून त्याने तिच्यावर टॉवेल टाकला, आणि फोटो धूसर होऊ नये म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खरेदी-विक्रीच्या गटात ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. मी तो संगणकावर उघडून तपशील पाहिला, तर अक्षांश 17 अंश 41 मिनिटे आणि पुढे सेकंद, असा नोंदलेला होता. ते सेकंद येथे देत नाही. दिले तर टॉवेल वाया जाईल.

फोनमधला फोटो बहुधा जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये साठवला जातो. या फाइलचे पहिले दोन बाइट (बाइट म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा मावेल एवढी साठवणीची जागा) नेहमी 255 आणि 216 असतात. त्यानंतर, प्रत्यक्ष चित्र सुरू होण्याआधी, 255 आणि 225 या जोडीने एक वेगळा कप्पा उघडतो. त्याला एक्झिफ म्हणतात. फोनचे मॉडेल, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याला परवानगी दिलेली असेल तर जागाही त्यात लिहिली जाते. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम पडद्यावर फक्त चित्र मांडतो, म्हणून हा कप्पा आपल्या नजरेस पडत नाही.

जागा लिहिण्याची रीत मला फार आवडते. येथे दशांश चिन्ह वापरतच नाहीत. अंश, मिनिटे आणि सेकंद हे तीन अपूर्णांक म्हणून लिहितात, म्हणजे 23.56 सेकंद असतील तर अंश 2356 आणि छेद 100. (अपूर्णांकातला अंश आणि कोनाचा अंश हे एकाच नावाचे दोन शब्द येथे समोरासमोर येतात, त्याला इलाज नाही.) प्रत्येक अपूर्णांकाला 8 बाइट, म्हणून अक्षांशाला 24 आणि रेखांशाला 24. काही मेगाबाइटच्या फोटोत पत्ता मावतो अवघ्या 48 बाइटांत. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे 1.84 किलोमीटर असते, तेव्हा एक सेकंद सुमारे 31 मीटर भरतो. दशांशाच्या दोन घरांपर्यंत लिहिले तर नोंद सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत उतरते. उपग्रहांवरून मिळणारे स्थान इतके नेमके नसते, त्यात काही मीटरांची चूक राहते, पण अंगण ओळखायला तेवढे पुरते. 2012 मध्ये फरार असलेले, अँटिव्हायरस प्रोग्रॅममुळे प्रसिद्ध झालेले उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत, हे एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या फोटोतल्या अशाच नोंदीवरून जगाला कळले होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ही नोंद गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. ‘माझे फोटो वापरण्यास मी परवानगी देत नाही’ असा मजकूर फेसबुकच्या भिंतीवर चिकटवणारे दरवर्षी दिसतात. दारावर लिंबू-मिरची टांगण्याइतकाच त्याचा उपयोग. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही, माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. शिवाय पाहुण्याने आपल्या घरी काढलेल्या फोटोत पत्ता आपला असतो, पण तो पाठवायचा की नाही हे पाहुणाच ठरवतो.

पुतण्याने तो फोटो सर्वांसाठी डिलीट केला, कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी काढून घेतली आणि दुसरा फोटो टाकला. दोन दिवसांनी कोरेगावहून एकाचा फोन आला. भाव ठरल्यावर त्याने घराचा पत्ता विचारला, तेव्हा पुतण्याने तो त्या एकट्याला सांगितला.