भव्यपट (प्राचीन जगावरील)

रोम, ग्रीस, ईजिप्त, बॅबिलन यांसारख्या प्राचीन संस्कृतींत घडणारी कथा प्रचंड नेपथ्य, अफाट जनसमुदाय आणि तीन-साडेतीन तासांचा ऐसपैस विस्तार यांच्या आधारे मांडणाऱ्या चित्रपटांना भव्यपट म्हटले जाते. हा प्रकार मूकपटाच्या काळात इटलीत आकारास आला. रोम आणि कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्यूनिक युद्धावरील ‘काबिरिया’ (१९१४) या चित्रपटात जोव्हान्नी पास्त्रोने यांनी चाकांवरच्या गाड्यावर ठेवलेला कॅमेरा नेपथ्याच्या आत सरकवला आणि प्रेक्षक त्या मंदिरांतून व महालांतून जणू चालू लागला.

१९५०च्या दशकात दूरचित्रवाणीने अमेरिकी प्रेक्षकांना घरी बसवले, तेव्हा घरच्या पेटीत मावणार नाही असे काही दाखवणे हॉलिवूडला भाग पडले. ‘द रोब’ (१९५३) हा सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीचा पहिला चित्रपट रोमन काळावरचा होता, हे त्यामुळेच स्वाभाविक वाटते. निवडक चित्रगृहांत राखीव आसने, पडद्यावर काही दिसण्यापूर्वीचे वाद्यवृंदाचे पूर्वसंगीत आणि मध्यंतर अशा थाटात हे चित्रपट दाखवले जात. आजही ते घरी पाहताना पूर्वसंगीत वगळू नये. कथेचा संथ, भारदस्त ठेका तिथेच कानात बसतो.

या परंपरेचे शिखर म्हणजे विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’ (१९५९). त्याची चौकट उंचीच्या सुमारे पावणेतीनपट रुंद असून त्याला ११ ऑस्कर पुरस्कार मिळाले. रोमजवळच्या चिनेचित्ता या चित्रपटनगरीमध्ये उभारलेल्या मैदानावरील रथशर्यत अँड्रू मार्टन आणि याकिमा कनट यांनी चित्रित केली. शर्यतीपूर्वीच्या संचलनाला मिक्लोश रोझा यांचे दणदणीत संगीत आहे. शर्यत सुरू होताच मात्र ते थांबते आणि जवळजवळ नऊ मिनिटे केवळ टापा, चाके आणि गर्दीचा कोलाहल ऐकू येतो. हा संयम भव्यतेइतकाच मोलाचा आहे.

इतिहास म्हणून हे चित्रपट जपूनच पाहावे लागतात. ‘बेन-हर’मध्ये युद्धनौकेची वल्ही साखळदंडांतले कैदी मारतात, परंतु रोमन आरमारातील वल्हेकरी बहुतांशी स्वतंत्र माणसे असत. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘स्पार्टाकस’ (१९६०) मध्ये गुलामांच्या बंडाचा नायक क्रूसावर मरतो. प्रत्यक्षात तो इ. स. पू. ७१ मध्ये रणांगणावर पडला आणि त्याचे प्रेत कधीच सापडले नाही. क्रूसावर गेले ते त्याचे सुमारे ६,००० साथीदार. मात्र याच चित्रपटाने, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीतील पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांचे नाव श्रेयनामावलीत उघडपणे दिले, आणि त्यामुळे गुलामांच्या बंडाची ही कथा स्वतःच्या काळाविषयीही बोलते.

‘क्लिओपात्रा’चा (१९६३) खर्च निर्मिती संस्थेला बुडवू लागला, पुढच्याच वर्षी ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’ही कोसळला आणि ही लाट ओसरली. ‘ग्लॅडिएटर’ने (२०००) ती पुन्हा उठवली, त्यातील रोम मात्र बऱ्याच अंशी संगणकाने रचले होते.

भारताशी या प्रकाराचा संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली ती मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावरील मूकपटातून. सोहराब मोदी यांनी ‘सिकंदर’ (१९४१) मध्ये पोरसाची भूमिका केली, तर बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ (१९५८) थेट रोमन साम्राज्यात घडतो. वैशालीच्या नगरवधूवरील ‘आम्रपाली’साठी (१९६६) कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून वेशभूषा घडवली.