आकडा एक, किमती दोन: विंच निवडताना काय पाहावे

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेले, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेचे यंत्र. स्वस्त आणि महाग विंच शेजारी ठेवले तर कागदावर फारसा फरक दिसत नाही. दोन्हींवर ९५०० पौंड, म्हणजे साधारण ४३०० किलो, असा ठळक आकडा असतो. १२ व्होल्टची मोटर, प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकांचा), अठ्ठावीस-तीस मीटर दोर, रिमोट, सगळे सारखेच. किंमत मात्र कित्येक पटींनी वेगळी. स्वस्त विंच तेवढे ओढतच नाही, असा एक समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. पहिल्या खेपेला, कोरड्या दिवशी, भरलेल्या बॅटरीवर तोही ओढतो. फरक कळतो तिसऱ्या मिनिटाला, पाण्यातून बाहेर आल्यावर, आणि बटण सोडल्यावर ड्रम, म्हणजे दोर गुंडाळणारे रूळ, थांबतो की नाही त्या क्षणी.

आधी त्या ठळक आकड्याची फोड करू, कारण तो दोन्ही विंचच्या बाबतीत सारखाच फसवा आहे. तो फक्त ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराचा असतो. ड्रमचा व्यास ६३ मिलिमीटर आणि दोर ९ मिलिमीटर जाडीचा धरा. पहिल्या थरात दोराचा मध्य ड्रमच्या मध्यापासून ३६ मिलिमीटरवर असतो, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ५४, चौथ्यात ६३. मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, तोच राहतो, पण हे अंतर वाढले की ओढ त्याच प्रमाणात घटते: ४३००, ३४४०, २८७०, आणि चौथ्या थरावर जेमतेम २४५० किलो. झाड सहा-सात मीटरवर असेल आणि बाकी सगळा दोर ड्रमवरच असेल, तर हातात आहे तो हा शेवटचा आकडा.

मग किती ओढ लागते? उतारावरचे गणित सोपे आहे. २४०० किलोच्या गाडीला ३० अंशांच्या चढावर निव्वळ वजनापोटी १२०० किलो ओढ लागते, वर चाकांचा अडथळा. चिखलाचे गणित वेगळे. लष्करी वाहने ओढून काढणाऱ्यांचा ठोकताळा असा: चाके बुडेपर्यंत चिखल असेल तर गाडीच्या वजनाइतका अडथळा धरायचा, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट. म्हणून सामानासकट भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा, हा नियम रूढ झाला. तो किमान आहे, पुरेसा नव्हे.

मोटर नव्हे, शेगडी

पूर्ण भाराखाली असा विंच सुमारे ४२० अँपियर प्रवाह खेचतो. ताणाखाली बॅटरीचे व्होल्टेज ११ पर्यंत उतरते असे धरले तर आत जाणारी शक्ती झाली ४६०० वॅट. बाहेर काय येते? ४३०० किलोची ओढ आणि दोराचा वेग मिनिटाला सव्वा मीटर, म्हणजे जेमतेम ९०० वॅट. उरलेले ३७०० वॅट उष्णता होऊन मोटर, गिअर आणि तारांत राहतात. जाहिरातीतले ‘साडेपाच हॉर्सपॉवर’ हे बहुधा आत जाणाऱ्या शक्तीचे असतात. त्यावरून विंच निवडू नये.

ही उष्णता किती झपाट्याने साठते तेही पाहा. एका मिनिटात मोटरमध्ये सुमारे १८० किलोज्यूल जमा होतात. त्यातला तिसरा हिस्सा फिरत्या आर्मेचरच्या वेटोळ्यांत गेला आणि त्यांत दोन किलो तांबे आहे असे मानले, तर तांब्याचे तापमान एका मिनिटात ७५-८० अंशांनी चढते. दुसऱ्या मिनिटात पुन्हा तितकेच. बाहेरचे कवच मात्र हाताला अजून कोमटच लागते, आणि नवखा माणूस इथेच चुकतो. आतल्या तारांवरचे इन्सुलेशन करपल्याचा वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

महाग विंचमध्ये पैसा इथे मुरतो. तांबे जास्त, इन्सुलेशन वरच्या तापमानाला टिकणारे, फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश मोठे आणि चांगल्या स्प्रिंगचे. बऱ्याच ठिकाणी आत तापमापक असतो, तो हद्द ओलांडताच वीज तोडतो किंवा रिमोटवर दिवा लावतो. स्वस्त विंचमध्ये हा तापमापक म्हणजे तुमचे नाक.

मोटरचा प्रकार विचारून घ्यावा. सिरीज वाउंड मोटरमध्ये चुंबकक्षेत्रही वेटोळ्यांतूनच तयार होते, त्यामुळे भार वाढला की प्रवाहाबरोबर क्षेत्रही वाढते आणि जोर झपाट्याने चढतो. कायम चुंबकाची मोटर हलक्या भाराला वीज कमी खाते, पण तिच्यातले फेराइट चुंबक दर अंशामागे सुमारे ०.२ टक्के चुंबकत्व गमावतात. १०० अंश तापमान वाढले की पाचवा हिस्सा गेला. तितकाच जोर काढायला प्रवाह जास्त, म्हणून ताप आणखी. थंड झाल्यावर चुंबकत्व बहुतांश परत येते, पण त्या वेळी गाडी चिखलातच असते. कधीमधी छोटे काम असेल तर ही मोटर चालते, जड गाडीला नको.

ब्रेक कुठे बसवला आहे

प्लॅनेटरी गिअरची कार्यक्षमता चांगली, पण तो भाराखाली उलटा फिरू शकतो. म्हणून ब्रेक लागतो. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारा) स्वतःच अडून राहतो. मात्र निम्म्याहून जास्त शक्ती घर्षणात घालवतो, त्यामुळे तो आता कमी दिसतो.

जागा वाचवायला अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटातच बसवलेला असतो. ओढताना त्याला फारसे काम नसते. भार लावलेल्या दोराला मोटरने सैल सोडताना, म्हणजे गाडी उतारावरून हळूहळू खाली सोडताना, तो घासतो आणि ड्रम आतून तापवतो. पोलादी दोराला त्याचे काही वाटत नाही. सिंथेटिक दोर मात्र अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो; तो १४५ ते १५० अंशांच्या आसपास वितळतो, आणि ताकद त्याच्या कितीतरी आधी, सत्तर अंशांच्या पुढेच, घसरू लागते. आतला थर चिकटतो, कडक होतो, आणि वरून काही दिसत नाही. काही महाग विंचमध्ये ब्रेक ड्रमबाहेर, गिअरच्या टोकाला असतो. पोटातल्या ब्रेकच्या विंचवर सिंथेटिक दोर चढवायचाच असेल तर पहिल्या थराला उष्णतारोधक आवरण घालावे आणि भाराखाली उलटे सोडण्याचे काम सलग काही सेकंदांपुरतेच ठेवावे.

दोराबद्दल थोडक्यात. सिंथेटिक दोर कितीतरी हलका, पाण्यावर तरंगणारा, हाताला न टोचणारा. तुटला तर पोलादासारखा सपकन मारत नाही, पण त्याच्या टोकाचा हूक किंवा शॅकल (पिनेने बंद होणारी पोलादी कडी) तितक्याच वेगाने उडतो. त्याला ऊन आणि रेती मानवत नाही. चिखल सुकायच्या आत धुवावा लागतो. पोलादी दोर दगडांवर घासून घेतो, मात्र एकदा पीळ पडून मुडपला की तिथे कायमचा कमजोर होतो. बदल करताना फेअरलीडही (दोर ड्रमकडे सरळ नेणारी पुढची चौकट) बदला: पोलादी दोराने ओरखडलेल्या रोलरवरून सिंथेटिक दोर नेणे म्हणजे तो कानशीवर घासणे.

गरम मोटर, थंड पाणी

आयपी ६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकेल. ही चाचणी तापलेल्या मोटरची नसते. प्रत्यक्षात मोटर तापते आणि मग गाडी ओढ्यात उतरते. आतली हवा ९० अंशांवरून २५ अंशांवर आली तर बंद पोकळीतला दाब सुमारे १८ टक्क्यांनी पडतो, आणि हा फरक जवळजवळ १.८ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. सीलने बाहेरचे पाणी अडवायचे आणि हे शोषणही पेलायचे. काही चांगल्या विंचना म्हणूनच श्वासनळी असते, ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधतात. स्वस्त विंचमध्ये सीलच्या जागी पुष्कळदा नुसती कागदी गॅस्केट सापडते.

सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचा, बिघाड सर्वांत धोकादायक. चारशे अँपियर तोडताना संपर्कांमध्ये ठिणगी पडते. व्होल्टेज कमी असेल तर संपर्क अर्धवट दाबला जातो आणि चक्क वेल्ड होतो. मग बटण सोडले तरी ड्रम फिरतच राहतो, हूक फेअरलीडला भिडतो, दोर तुटतो किंवा बंपर वाकतो. चार सुट्या सोलेनॉइडच्या जुन्या पद्धतीपेक्षा एकाच बंद डब्यातला जाड संपर्कांचा कॉन्टॅक्टर बरा. पण विंच कोणताही असो, बॅटरीजवळ हाताने वीज तोडता येईल असा आयसोलेटर स्विच हवाच. याला पर्याय नाही.

अपयशाचे खापर पुष्कळदा विंचवर फुटते आणि दोष तारेचा असतो. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन ४ मीटर, ४०० अँपियर: ०.८ व्होल्ट तारेतच गेले. २५ ची घेतली तर १.१. अर्थिंग चेसिसच्या रंगवलेल्या बोल्टला दिले तर त्याहून जास्त. सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला द्या. एक मिनिट पूर्ण भार म्हणजे ७ अँपियर-तास खर्च. अल्टरनेटर मिनिटभरात त्याचा चौथा हिस्साही भरत नाही. इंजिन चालू, आरपीएम पंधराशेच्या आसपास, एक मिनिट ओढा, काही मिनिटे थांबा.

स्वस्त घेतलात तर पहिल्या दिवशी

गाडीवर चढवण्याआधी तो उघडा. मोटर आणि कंट्रोल बॉक्सच्या सांध्यांना सिलिकॉन सीलंट, गिअरना नवे ग्रीस. आत बहुधा बोटभरच असते. ड्रम मोकळा सोडणाऱ्या क्लचच्या तरफेवरही थोडे, ब्रेकवर मात्र एक थेंब नको. पायाचे चार बोल्ट ८.८ दर्जाचेच आहेत का ते डोक्यावरचा शिक्का पाहून ठरवा. पायाची २५४ बाय ११४ मिलिमीटरची मांडणी बहुतेक विंचची सारखीच असल्याने पुढे महाग घेतला तरी माउंटिंग प्लेट वाया जात नाही. सोबत आलेला हूक आणि शॅकल बाजूला ठेवून भारमर्यादा कोरलेले घ्या.

मग दोर जवळजवळ पूर्ण सोडा. पोलादी असेल तर ड्रमवर किमान पाच फेरे राहू द्या, सिंथेटिकला दहा. दोराचे टोक धरून ठेवणारा स्क्रू भार पेलायला नसतोच, भार पेलते ते फेऱ्यांचे घर्षण. हलक्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तिच्याच वजनाने ताणत दोर पुन्हा गुंडाळा. सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच मोठ्या ओढीला खालच्या थरात रुततो. याच वेळी ब्रेकही तपासा: मध्येच थांबा, ड्रमलगत दोरावर खडूने खूण करा, पाच मिनिटे पाहा. खूण सरकली तर विंच परत करा. दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आता निवड. वर्षातून दोन-तीनदा, सोबत दुसरी गाडी असताना चिखलात जाणाऱ्याला असा नीट तयार केलेला स्वस्त विंच आणि एक स्नॅच ब्लॉक (दोर मधे अडकवता येणारी उघडती कप्पी) पुरतो. ब्लॉकमधून दोर दुहेरी केला की दोरावरचा भार घर्षण धरून निम्म्याच्या आसपास येतो. मोटर थंड राहते आणि वरचे थर आपोआप सुटतात. वेग निम्मा होतो, आणि झाडावर मात्र दोराच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे लक्षात ठेवून खोडाला रुंद पट्टा लावा. एकट्या गाडीने दूर जाणारा, वारंवार पाण्यात उतरणारा, दिवसाला दहा वेळा ओढणारा, किंवा गाडी उतारावर सोडायला विंच वापरणारा असेल तर महाग घ्यावा.

पण महाग म्हणजे चांगला हे गृहीत धरू नका. दोन गोष्टी मागा. थरागणिक ओढ आणि भारागणिक प्रवाह व वेग दाखवणारा तक्ता. प्रामाणिक उत्पादक तो देतो. आणि ब्रश, सील, कॉन्टॅक्टर सुटे मिळतात का. उत्तर ‘पूर्ण मोटर बदलावी लागेल’ असे आले, तर ती जास्तीची किंमत फक्त रंगाची आहे.

आणि कोणताही घेतला तरी महिन्यातून एकदा पाच-दहा मीटर दोर मोटरने सोडून गुंडाळा. न वापरलेल्या विंचचे संपर्क हिरवे पडतात, ब्रश धारकात अडकतात आणि क्लचची तरफ जागची हलत नाही.